जुनं सोनं मोडताना: वजन, टंच आणि भाव यांचा मेळ कसा घालायचा

घरातलं सोनं मोडायला किंवा बदलायला निघालेली बहुतेक माणसं एकच गोष्ट विचारतात: आज भाव काय? सगळं लक्ष भावावर असतं आणि पैसे जातात ते दुसरीकडून. वजन कोणत्या टप्प्यावरचं धरलं, टंच (शुद्ध सोन्याचे टक्के) कशाचा काढला आणि त्या दोन्हींना भाव कोणता लावला, या तीन गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील तर चांगल्या भावातही २०–२५ हजारांचा फटका सहज बसतो. यात दर वेळी फसवणूकच असते असं नाही. पुष्कळदा काउंटरवरच्या मुलालाही हिशेब नीट येत नसतो आणि गिऱ्हाईक विचारत नाही. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक चुका क्रम चुकल्यानेच होतात.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून सगळीकडे शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला आहे. तुम्ही त्या दिवसाचा खरा भाव घाला.

आधी हे आकडे पाठ करा

कॅरेट म्हणजे २४ भागांपैकी सोन्याचे भाग किती. दागिन्यावर हेच हजार भागांपैकी किती असं लिहिलेलं असतं.

- २४ कॅरेट: ९९५ किंवा ९९९
- २२ कॅरेट: ९१६
- २० कॅरेट: ८३३
- १८ कॅरेट: ७५०
- १४ कॅरेट: ५८५
- ९ कॅरेट: ३७५

१० ग्रॅमच्या २२ कॅरेट बांगडीत शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम असतं. उरलेलं तांबं, चांदी, कधी जस्त. मोडताना किंमत मिळते ती या ९.१६ ग्रॅमची. नक्षीची, घडणावळीची, खरेदीवर भरलेल्या जीएसटीची नाही.

रंगावरून कॅरेट ठरवू नका. तांबं जास्त असलं की सोनं लालसर दिसतं, चांदी जास्त असली की हिरवट पिवळं. दोन्ही डाग, म्हणजे दागिने, २२ कॅरेटचे असू शकतात.

## १. घरी: डाग वेगळे करा, धुवा, वजन करा

सगळे दागिने एका डबीत घालून दुकानात नेणं ही पहिली चूक. तिथे ते एकत्र तोलले जातात, एकत्र गाळले जातात आणि आजीच्या २० कॅरेटच्या पाटलीबरोबर तुमची हॉलमार्कची (शुद्धतेचा अधिकृत शिक्का असलेली) चेनही त्याच भावात जाते.

तीन ढीग करा. हॉलमार्क असलेले भरीव डाग एका बाजूला. शिक्का नसलेले जुने डाग दुसऱ्या बाजूला. आणि ज्यांत सोन्याव्यतिरिक्त काही आहे ते तिसऱ्या ढिगात: खड्यांच्या कुड्या, मोत्यांची नथ, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, मीनाकाम, आणि लाख भरलेले मणी.

तिसऱ्या ढिगाकडे जास्त लक्ष द्या. बोरमाळेचे किंवा कोल्हापुरी साजाचे मणी वरून भरघोस दिसतात, पण पत्रा पातळ आणि आत लाख असते. मंगळसूत्राच्या वाट्यांतही पुष्कळदा लाख असते. हातात जाणवणारं वजन सोन्याचं नाही हे घरीच पक्कं ठाऊक असलं, की दुकानात वजन उतरल्यावर धक्का बसत नाही आणि वादही होत नाही.

दागिने कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळवा. दोरे, सेफ्टी पिना, मण्यांचे सर काढून ठेवा. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर प्रत्येक डागाचं वजन करून वहीत लिहा. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. एका ग्रॅमची चूक म्हणजे हजारो रुपये. प्रत्येक डागाचा, त्यावरच्या शिक्क्याचा फोटो काढा. जुन्या पावत्या सापडल्या तर जोडून ठेवा.

> सावधान: मोडायच्या आधी पॉलिश करून घेऊ नका. दारावर येऊन दागिने चमकवून देणाऱ्यांकडे तर मुळीच नाही. ज्या आम्लात सोनं विरघळतं त्यात डाग बुडवला, तर चमक तुम्हाला मिळते आणि सोनं त्यांच्या भांड्यात राहतं.

चुंबकाची परीक्षा फारशी उपयोगाची नाही. तांबं आणि चांदीही चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे न चिकटणारा डाग सोन्याचाच असं म्हणता येत नाही. उलट खऱ्या चेनची कडी चिकटू शकते, कारण फाशातली बारीक स्प्रिंग पोलादी असते.

## २. शिक्का वाचा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मोबाईलचा कॅमेरा झूम करूनही काम भागतं. शिक्का बांगडीच्या आतल्या बाजूला, अंगठीच्या आत, चेनच्या फाशाजवळच्या पट्टीवर, कानातल्याच्या मागच्या दांडीवर शोधा.

आजच्या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी लोगो, कॅरेट आणि शुद्धता (२२के९१६ अशी), आणि अक्षरं-अंक मिसळून तयार झालेला सहा स्थळांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. ही पद्धत १ जुलै २०२१ पासून आली. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या जिल्ह्यांत एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

१ जुलै २०२१ च्या आधीच्या दागिन्यावर एचयूआयडी नसतो. त्याऐवजी लोगो आणि ९१६ सोबत तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण असते. हे जुने हॉलमार्क आजही ग्राह्य आहेत. "एचयूआयडी नाही, म्हणून भाव कमी" हे ऐकून घेऊ नका. शिक्काच नसलेलं घरचं सोनंही सराफाला विकत घेता येतं; हॉलमार्कची सक्ती त्याने विकायच्या दागिन्याला आहे, तुम्ही मोडायच्या दागिन्याला नाही. शिवाय २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे डाग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम यांना सक्तीतून सूट आहे.

शिक्का वाचताना होणाऱ्या चुका:

नुसतं "९१६" म्हणजे हॉलमार्क नव्हे. त्रिकोणी लोगो नसेल तर तो आकडा फक्त विकणाऱ्याचा शब्द आहे.

"केडीएम" हाही शुद्धतेचा शिक्का नाही. डाक लावताना (सांधे जोडताना) कॅडमियम वापरलं होतं एवढाच त्याचा अर्थ. कॅडमियमचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक असल्याने ती पद्धत मागे पडली. केडीएम असलेला डाग शिक्का नसलेल्या ढिगात टाका.

परदेशातून आणलेल्या दागिन्यांवर बीआयएसचा त्रिकोण नसणारच. इंग्लंडमधून आलेल्या अंगठीवर ३७५ दिसलं तर ती ९ कॅरेटची आहे, म्हणजे निम्म्याहून कमी सोनं. अमेरिकेतून आलेली बरीचशी १४ कॅरेटची असतात. ही २२ कॅरेटच्या डागांत कधीही मिसळू देऊ नका.

## ३. एचयूआयडी ॲपवर पडताळा

"बीआयएस केअर" हे ॲप मोबाईलवर घ्या आणि एचयूआयडी पडताळणीत तो सहा स्थळांचा क्रमांक टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्राचं नाव, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते.

बहुतेक जण माहिती आली की ॲप बंद करतात. थांबा, दागिन्याचा प्रकार वाचा. तुमच्या हातात हार आहे आणि ॲपवर अंगठी दिसते, तर क्रमांक दुसऱ्या डागाचा आहे. शुद्धताही शिक्क्याशी जुळवा.

मोठा ऐवज असेल आणि शिक्का नसेल, तर दुकानात जायच्या आधी बीआयएस मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात जा. कुणाही ग्राहकाला तिथे दागिने तपासून मिळतात: चार डागांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा अधिक असतील तर डागाला ४५ रुपये, वर कर. माझ्या मते मोडायच्या आधी केलेला याहून चांगला खर्च नाही. अहवाल हातात असला की दुकानातलं बोलणं अंदाजावरून आकड्यावर येतं.

## ४. भाव: कोणता, कशाचा, कुणाचा

एकाच दिवशी चार "भाव" फिरत असतात.

पहिला, शुद्धाचा, जीएसटी सोडून. दुसरा, जीएसटी धरून. ३ टक्के वाढलेला. तिसरा, २२ कॅरेटचा. चौथा, मोडीचा, म्हणजे सराफ ज्या भावाने तुमच्याकडून घेणार तो. बातमीत ऐकलेला आकडा पुष्कळदा दुसरा असतो आणि तुम्ही मोडायला जाता. तो ३ टक्के कर तुम्हाला मिळणारच नसतो, म्हणून त्या आकड्याची आशा धरू नका.

मुंबईची इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन कामाच्या दिवशी ९९९, ९९५, ९१६, ७५०, ५८५ या शुद्धतांचे भाव जीएसटी सोडून जाहीर करते. निघायच्या आधी तो बघा. मग दुकानात विचारा: "आज मोडीचा भाव किती, आणि तो शुद्धाचा की २२ कॅरेटचा?" उत्तर वहीत लिहा, वेळेसकट.

> तपासा: शुद्धाचा भाव १०,००० असेल तर २२ कॅरेटचा ९,१६० च्या आसपास, १८ कॅरेटचा ७,५०० यायला हवा. फार फरक दिसला तर तिथेच कारण विचारा.

तोळ्याचंही स्पष्ट करून घ्या. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. "आईचा हार पाच तोळ्यांचा" हे जुन्या मापाने असेल तर तो ५८ ग्रॅमच्या वर भरेल. म्हणून बोलणं ग्रॅममध्येच करा.

## ५. दुकानात: पहिलं वजन आणि मशीन

काटा शून्यावर आहे हे बघा. वर पंखा फिरत असेल तर बंद करायला सांगा. तीन दशांश स्थळं दाखवणारा काटा वाऱ्यानेही हलतो. प्रत्येक डाग वेगळा तोलला जाऊ द्या आणि घरच्या आकड्याशी ताडून बघा.

खडे, मोती, मणी तुमच्यासमोर काढून घ्या आणि परत मागा. चांगल्या खड्यांना मोडीत शून्य किंमत मिळते, आणि नथीचे जुने मोती फार लोक तिथेच विसरून येतात.

मग डाग एक्सआरएफ मशीनमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रात जातो. अर्ध्या मिनिटात पडद्यावर सोनं, चांदी, तांबं यांचे टक्के येतात. हे मशीन फक्त वरचा अतिशय पातळ थर वाचतं, आतलं त्याला दिसत नाही. घडवताना आम्लात धुतलेल्या दागिन्याच्या पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलेलं असतं, त्यामुळे वरचा थर आतल्यापेक्षा शुद्ध वाचला जातो. वर मुलामा असेल तर आकडा आणखी फुगतो. उलट डाकेच्या जागेवर किरण पडला तर आकडा खाली येतो.

म्हणून एका जागेचा आकडा मान्य करू नका. किमान तीन जागा घ्या: मधली सपाट जागा, झिजलेली कड, मागची बाजू. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले आणि हॉलमार्कशी जुळले, तर भरीव डाग गाळायची गरज सहसा नसते. वजन गुणिले २२ कॅरेटचा मोडीचा भाव, संपलं. आकडे दूरदूर आले तर पुढची पायरी घ्यावी लागेल.

## ६. गाळणं: आधी ठरवा, मग आच

गाळलेला दागिना परत येत नाही. हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी विचारा: गाळल्यावर सौदा पटला नाही तर लगड (गाळून ओतलेला सोन्याचा तुकडा) परत मिळेल का, आणि गाळण्याचे पैसे किती. उत्तरं मिळाल्याशिवाय डाग हातातून सोडू नका.

देशभर गावोगावी सोनं गाळणारे गलाईवाले मोठ्या संख्येने सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा, आटपाडी भागातले आहेत. सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत, लहानशा खोलीत, त्यांची भट्टी असते. तिथे तुम्हीही जा. कुणाच्या तरी हातून डाग आत पाठवून बाहेर चहा घेत बसू नका.

समोर काय दिसायला हवं ते सांगतो. डाग मुशीत (सोनं वितळवायच्या भांड्यात) टाकण्याआधी मूस रिकामी असल्याचं बघा. वर टाकणखार (मळ वेगळा करणारा क्षार) पडतो. ज्योत लागली की लाखेचा धूर आणि उग्र वास येतो, मग डाग खचतो, कडा गोल होतात आणि मुशीच्या तळाशी चकचकीत थेंब फिरू लागतो. मळ आणि टाकणखार वर काचेसारखे तरंगतात. थेंब साच्यात ओतला की लगड तयार. ती थंड झाली की चिकटलेली काच ठोकून काढतात. मूस आणि ती काच दोन्ही बघा. बारीक मणी अडकलेले दिसले तर ते लगडीत घालून घ्या.

लगड पुन्हा तोला. स्वच्छ, भरीव डागात घट किरकोळ येते. लाखेच्या मण्यांत, मीनाकामात, मळकट साखळ्यांत ती बरीच असते. घट अपेक्षेपेक्षा जास्त वाटली तर त्याच वेळी, लगड टेबलावर असताना विचारा.

मग लगडीचा टंच काढा. एक्सआरएफ असेल तर दोन्ही बाजूंनी. रक्कम मोठी असेल तर लगडीचा तुकडा कापून तपासणी केंद्रात फायर अ‍ॅसे (तुकडा भट्टीत शुद्ध करून उरलेलं सोनं तोलायची चाचणी) करून घ्या. सोन्याचा टंच ठरवायची सगळ्यांत भरवशाची पद्धत तीच आहे.

> सावधान: जुन्या डागाचा टंच गाळल्यावर उतरणं नैसर्गिक आहे. साखळीच्या कड्याकड्यांत, बोरमाळेच्या मण्यामण्यांत कमी कसाची डाक असते आणि गाळल्यावर ती सगळ्या सोन्यात मिसळते. हे लक्षात न घेता लोक सराफाशी भांडतात आणि खरी चूक जिथे होते तिथे, म्हणजे हिशेबात, गप्प बसतात.

## ७. हिशेब

एक पाटली घेऊ. घरचं वजन ३० ग्रॅम, शिक्का नाही. गाळल्यावर लगड २८.५ ग्रॅम, टंच ८८.९.

शुद्ध सोनं: २८.५ × ०.८८९ = २५.३३६५ ग्रॅम.
शुद्धाचा भाव १०,०००. किंमत: २,५३,३६५ रुपये.

आता हाच हिशेब दुकानात असाही मांडला जातो: "२८.५ ग्रॅम, टंच ८८.९, म्हणजे २५.३३६५ ग्रॅम. मोडीचा भाव २२ कॅरेटचा, ९,१६०. झाले २,३२,०८२."

कागदावर सगळं नेटकं दिसतं. पण २१,२८३ रुपये गेले. २५.३३६५ ग्रॅम हे शुद्ध सोनं आहे. त्यातलं तांबं आपण टंचाने आधीच वजा केलं. त्याला २२ कॅरेटचा भाव लावला की तेच तांबं दुसऱ्यांदा वजा होतं. कात्री दोनदा चालली.

भाव २२ कॅरेटचाच लावायचा असेल तर वजनही २२ कॅरेटच्या मापात आणा: २५.३३६५ ÷ ०.९१६ = २७.६६ ग्रॅम. याला ९,१६० ने गुणलं की पुन्हा २,५३,३६५ च्या आसपास येतात. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं पाहिजे. आलं नाही, तर कुठेतरी दोनदा वजावट झाली आहे. सोनंतारण कर्जात हे रूपांतर पूर्वी नेहमीच होत असे: बँका कमी कॅरेटचं सोनं २२ कॅरेटच्या वजनात बदलून मग भाव लावत.

दुसरी तितकीच नेहमीची चूक: वजन गाळल्यानंतरचं आणि टंच गाळण्याआधीचा. किंवा उलट. गाळताना मळ, लाख, थोडं तांबं जळून जातं, सोनं जळत नाही. म्हणून वजन लगडीचं घेतलं तर टंचही लगडीचाच हवा.

तिसरी: टंच काढून झाल्यावर "घट" म्हणून आणखी काही टक्के कापणं. लगड समोर तोललेली असताना घट कसली? ती वजनात येऊन गेली. शुद्ध करायचा खर्च आणि आपला नफा म्हणून सराफ वटाव घेतो, ते त्याचं रास्त आहे. पण त्याला वटावच म्हणावं, टक्के सांगावेत आणि तो शेवटी, एकदाच लावावा. दोन-तीन दुकानांची तुलना करायची ती या वटावाची.

> तपासा: कागदावर चारच ओळी मागा: लगडीचं वजन, लगडीचा टंच, शुद्ध वजन, शुद्धाचा भाव. त्याखाली वटाव. वटावाशिवाय आणखी वजावट दिसली तर तिचं नाव विचारा.

## ८. बदली करत असाल तर

नवा दागिना आधी पसंत करू नका. हार गळ्यात घालून आरशासमोर उभं राहिल्यावर जुन्याच्या हिशेबात कुणी बारकाईने बघत नाही. आधी जुन्याची रक्कम कागदावर पक्की करा, मग नव्याकडे वळा.

"बदलीत शून्य घट" असं सांगितलं तर नव्याची मजुरी विचारा. १० ग्रॅमच्या २२ कॅरेट दागिन्याचं गणित: सोनं ९१,६००. मजुरी १२ टक्के, १०,९९२. त्यावर ३ टक्के जीएसटी, ३,०७८. एकूण १,०५,६७०. भाव तोच राहिला तरी हा दागिना उद्या मोडायला नेला तर हिशेब ९१,६०० पासून सुरू होईल, आणि मग वटाव. जुन्यावर सोडलेली घट मजुरीत दोन टक्के वाढवून वसूल झाली, तर सवलत कसली? म्हणून दोन्ही पावत्या शेजारी ठेवून एकूण रक्कम बघा.

खड्यांच्या नव्या दागिन्यात खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्या; सोन्याच्या भावाने काच विकत घेऊ नका. आणि हिऱ्यांचे दागिने सहसा १८ किंवा १४ कॅरेटचे असतात, त्यांना २२ कॅरेटचा भाव लागलेला नाही ना, हे बघा.

## ९. पैसे, पावती, तक्रार

पैसे खात्यात घ्या. १०,००० रुपयांच्या वर रोख द्यायला सराफ सहसा तयार होत नाही, कारण तो खर्च त्याला करात धरता येत नाही. पावतीवर तुमचं नाव, डागांचं वर्णन, गाळण्याआधीचं आणि नंतरचं वजन, टंच, भाव आणि वटाव असायला हवं. दोन लाखांवरच्या व्यवहाराला पॅन लागतो. भांडवली नफ्यावर करही आहे: दोन वर्षांहून जास्त काळ जवळ असलेल्या सोन्यावर १२.५ टक्के. वारशाने आलेल्या सोन्यात आधीच्या मालकाचा काळ धरला जातो, आणि १ एप्रिल २००१ च्या आधीची खरेदी असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. तेवढ्यासाठी जुने कागद जपा.

हॉलमार्क असलेला दागिना शिक्क्यापेक्षा कमी कसाचा निघाला तर तो गाळू नका. गाळला की पुरावाच गेला. मान्यताप्राप्त केंद्रातून लेखी अहवाल घ्या, मूळ पावती जोडा आणि ज्याच्याकडून घेतला त्या सराफाकडे जा. बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळायला हवा. सराफाने टाळाटाळ केली तर "बीआयएस केअर" ॲपवरूनच तक्रार नोंदवता येते. शिक्क्याचा फोटो, एचयूआयडी आणि केंद्राचा अहवाल तिथे जोडा.